रटगर्सची फी माफ, फोर्डॅमची थोडी शिष्यवृत्ती, जॉर्जटाउनची वेटलिस्ट: लेकीने कुठे जावं?

एडिसनकर | २१ मार्च

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज मदत मागायला आले आहे.

लेक चोवीस वर्षांची. कॉलेज झाल्यावर दोन वर्षं नेवार्कमध्ये गरिबांना मोफत वकील पुरवणाऱ्या एका संस्थेत पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) आहे. घर रिकामं करा म्हणून नोटीस आलेल्या भाडेकरूंच्या केसेस तिच्याकडे असतात. आता तिला स्वतः वकील व्हायचंय. एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) १६६, जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी, चारपैकी) ३.८९. लॉ स्कूलांकडून आजवर हाती आलेलं असं:

रटगर्स, नेवार्क: पूर्ण ट्यूशन माफ.
फोर्डॅम, न्यूयॉर्क: वर्षाला २०,००० डॉलर.
जॉर्जटाउन, वॉशिंग्टन: वेटलिस्ट.
न्यूयॉर्क राज्यातलं आणखी एक खासगी लॉ स्कूल: वर्षाला ४५,०००, पण पत्रात अट आहे की जीपीए ३.२ च्या खाली जाता कामा नये.

नवऱ्याचं मत फोर्डॅम. "वकिलीत नाव बघतात," असं त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी सांगितलंय. मला स्वतःला काही कळत नाही, आमच्या दोन्ही घरांत कोणी वकील नाही. धाकटा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. घराचे हप्ते चालू आहेत. ओढूनताणून आम्ही तिला वर्षाला पंधरा हजार देऊ शकू.

परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर ही जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट, त्याच्या मागे शाळांची नावं आणि नावांपुढे आकडे. जॉर्जटाउनपुढे आकडा नव्हता. नुसतं प्रश्नचिन्ह, आणि ते इतकं गिरवलेलं की कागद फाटला होता. मला बघून तिने पाकीट उलटं केलं. तेव्हापासून मला झोप नाही.

जागा पक्की करायला भरायच्या डिपॉझिटची तारीख १५ एप्रिल आहे. जाणकारांनी कृपया लिहा.

---

हिशेबनीस | २१ मार्च

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. चार ठिकाणांहून उत्तर आलंय, ही साधी गोष्ट नाही.

कर्जाचे नियम यंदा बदललेत, तिकडे आधी लक्ष द्या. कालपरवापर्यंत लॉ स्कूलच्या मुलांना ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज मिळायचं. शाळा सांगेल तेवढ्या पूर्ण खर्चाइतकं. १ जुलै २०२६ पासून ते नवीन मुलांसाठी बंद. आता लॉ, मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० आणि एकूण २,००,०००. त्यावर लागेल ते खासगी बँकेकडून.

फोर्डॅमची ट्यूशनच सत्तर हजारांच्या वर आहे. राहणं-खाणं, पुस्तकं, विमा धरून वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. समजा १,०५,०००. वजा शिष्यवृत्ती वीस, वजा तुमचे पंधरा. राहिले सत्तर हजार. त्यातले पन्नास सरकारी, वीस खासगी. तीन वर्षांत दीड लाख सरकारी आणि साठ हजार खासगी. आठ टक्क्यांनी धरलं तर नुसतं व्याज वर्षाला सोळा-सतरा हजार होतं, आणि हे व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, डिग्री हातात पडेपर्यंत थांबत नाही. (२०२५-२६ साठी पदव्युत्तर सरकारी कर्जाचा दर ७.९४ टक्के होता.)

रटगर्सला ट्यूशन शून्य. तुमच्याकडून ये-जा केली तर तुमच्या पंधरा हजारांत बहुतेक सगळं भागेल.

---

काळा_कोट | २२ मार्च

काकू, मी न्यू जर्सीत वकील आहे, आठ वर्षं झाली. हिशेबनीसांच्या आकड्यांत मला एक गोष्ट घालायची आहे, आणि तुमच्या लेकीसाठी तीच सगळ्यात मोठी आहे.

तिला भाडेकरूंच्या केसेस करायच्यात. म्हणजे पगार साठ-सत्तर हजारांपासून सुरू. अशा मुलांसाठी सरकारची एक योजना आहे, पीएसएलएफ. सरकारी खात्यात किंवा ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. आजवर आम्ही सगळे याच भरवशावर मोठी कर्जं काढत होतो. पण माफी फक्त सरकारी कर्जाला आहे. खासगी कर्जाचा एक डॉलरही त्यात धरत नाहीत. पूर्वी सगळंच सरकारी मिळायचं म्हणून हा फरक कोणाला जाणवला नाही. आता फोर्डॅमच्या हिशेबातले ते साठ हजार पूर्णपणे तिच्या अंगावर. आणि खासगी बँक चोवीस वर्षांच्या मुलीला एकटीला बहुधा कर्ज देत नाही, सहकर्जदार मागते. सही तुमची किंवा काकांची लागेल. हे घरात बोलून घ्या.

चौथ्या शाळेबद्दल: ३.२ ची अट वाचून मी खुर्चीत सरळ बसले. त्या शाळेचा ५०९ रिपोर्ट काढा. अमेरिकन बार असोसिएशन (वकिलांची राष्ट्रीय संघटना) प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला तो दरवर्षी डिसेंबरात जाहीर करायला लावते. त्यात एक तक्ता असतो: किती मुलांना अटीची शिष्यवृत्ती दिली आणि किती जणांची कमी झाली किंवा गेली. तो आकडा बघितल्याशिवाय त्या ४५,००० कडे ढुंकूनही बघू नका.

---

मिडवेस्टी | २२ मार्च

हे माझ्या घरात घडलंय म्हणून लिहिते. शाळेचं नाव घेत नाही.

माझ्या मुलाला वर्षाला ३०,००० मिळाले होते, अट ३.० ची. आम्हाला वाटलं, ३.० काय, हा तर कॉलेजात ३.८ वाला. लॉ स्कूलमध्ये मार्क वक्रावर देतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. प्राध्यापकाला आधीच सांगितलेलं असतं की वर्गाची सरासरी अमुक हवी. तिथली सरासरी पहिल्या वर्षी ३.० च्या किंचित खाली होती. म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी साधारण निम्मी मुलं त्या रेषेखाली राहणार, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेलं. एका विषयाची एकच परीक्षा, सेमिस्टरच्या शेवटी. माझ्या मुलाचे आले २.९६.

जूनमध्ये पत्र आलं.  दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची पूर्ण फी कर्जावर. तो आज चांगला वकील आहे, पण ते चार शतांश आम्ही अजून फेडतोय. ताई, त्या चौथ्या पत्राला नाही म्हणा.

---

वडाची_साल | २२ मार्च

मिडवेस्टी, वाचून वाईट वाटलं. शिष्यवृत्तीचं पत्र हे करारपत्र असतं, ते तसंच वाचावं. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांकडून महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी, त्याच्या करारात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१७ साली मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. उरलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले, ते नोकरीतून साठवलेल्या आणि उसन्या घेतलेल्या पैशांवर. देणाऱ्याचं मन मोठं होतं यात शंका नाही. तरी मुदत ती मुदत आणि अट ती अट.

ताई, प्रत्येक पत्रातली ती ओळ शोधा: किती वर्षांसाठी, कशावर अवलंबून, आणि ट्यूशन वाढली तर रक्कम वाढणार का तेवढीच राहणार.

---

मॅनहॅटन_मावशी | २३ मार्च

मी उलट बाजूने लिहिते, कारण इथे सगळेच रटगर्सकडे झुकलेत.

माझी भाची फोर्डॅमची. मॅनहॅटनच्या मोठ्या फर्म तिथून दरवर्षी मुलं उचलतात. पहिल्या वर्षाचा पगार २,२५,०००. दोन लाखांचं कर्ज तिने चार वर्षांत फेडलं आणि मग हवं ते काम निवडलं. रटगर्समधूनही मुलं त्या फर्ममध्ये जातात, पण वर्गातली अगदी वरची. फोर्डॅममध्ये मधल्या मुलालाही आशा असते. आज वयाच्या चोविसाव्या वर्षी तिला भाडेकरूंसाठी काम करायचंय, पण तिसाव्या वर्षी काय हवंसं वाटेल हे कोणी सांगावं? मोठ्या शाळेत दारं जास्त उघडी राहतात. एडिसनकर, तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही.

---

काळा_कोट | २३ मार्च

मावशी, मुद्दा रास्त आहे. मुलीला मोठ्या फर्ममध्ये जायचं असतं तर मीही फोर्डॅम म्हटलं असतं. पण कर्ज फेडायला फर्ममध्ये जायचं आणि मग बाहेर पडायचं, असं ठरवून गेलेल्या माझ्या ओळखीच्या पाचांपैकी दोघं बाहेर पडली. शिवाय या फर्मची भरती आता पहिल्या वर्षाच्या निकालावरच उरकते. फोर्डॅममध्येही मार्क घसरले तर दीड-दोन लाखांचं कर्ज आणि सत्तर हजारांची नोकरी, अशी गत होऊ शकते.

काकू, शाळांची एक तुलना घरबसल्या करता येते. प्रत्येक शाळेला पदवीनंतर दहा महिन्यांनी मुलं कुठे लागली ते जाहीर करावं लागतं. त्यात 'पूर्ण वेळ, दीर्घ मुदतीची, बार (वकिलीची सनद मिळवायची परीक्षा) पास असणं आवश्यक' असा रकाना आहे, तो वाचा. शाळेच्या माहितीपत्रकातले नव्वद-पंच्याण्णव टक्के वाचू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं. रटगर्सच्या तक्त्यात 'राज्य न्यायालयातली क्लर्कशिप' हा आकडा डोळ्यांत भरेल. न्यू जर्सीत जवळपास प्रत्येक न्यायाधीश वर्षाला नवा लॉ क्लर्क, म्हणजे नुकताच पदवी घेतलेला मदतनीस, घेतो, आणि रटगर्सची खूप मुलं तिथे जातात. मी गेले होते. भाडेकरूंच्या केसेस ज्या कोर्टात चालतात तिथेच वर्षभर न्यायाधीशाशेजारी बसून मी जे शिकले, ते वर्गात शिकता येत नाही.

आणि ज्यांना रटगर्स म्हणजे दुय्यम वाटतं त्यांच्यासाठी: पुढे सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग १९६३ ते १९७२ तिथे शिकवत होत्या. सिनेटर एलिझाबेथ वॉरन तिथेच शिकलेल्या. बारचं म्हणाल तर न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे सध्या एकच परीक्षा आणि पास व्हायला एकच आकडा, २६६. नेवार्कला शिकून न्यूयॉर्कची वकिली करायला काही आडकाठी नाही.

---

पेठकर | २४ मार्च

थोडं अवांतर. माझा भाचा पुण्यात आयएलएस लॉ कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. त्याने तिकडे जेडी (तिथली वकिलीची मूळ पदवी) करावं की एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी)?

---

काळा_कोट | २४ मार्च

पेठकर, भारतातली एलएलबी हातात असेल तर बहुतेक जण एक वर्षाचं एलएलएम करून न्यूयॉर्कच्या बारला बसतात. जेडी तीन वर्षांचं, खर्च तिप्पट, पण नोकरीच्या बाजारात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. इथे ताईंच्या लेकीची तारीख जवळ आलीय.

---

एडिसनकर | २५ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चौघं बसून हे सगळं वाचलं. मी वाचून दाखवत होते, कारण मुलांना देवनागरी भराभर वाचता येत नाही.

चौथी शाळा बाद. त्यांच्या ५०९ मध्ये शिष्यवृत्ती गेलेल्या मुलांचा आकडा पाहून नवरा आपणहून म्हणाला, ही काढून टाका. रटगर्सच्या पत्रात अट इतकीच की विद्यार्थी म्हणून स्थान चांगलं राहिलं पाहिजे, मार्कांचा आकडा नाही. फोर्डॅमच्या पत्रातही आकडा नाही.

सहकर्जदाराचं वाचलं तेव्हा लेक एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तुमची सही लागणार असेल तर मला नकोच." मी म्हटलं, सहीचं आम्ही बघू, तू तुझं बोल. पण तिचा चेहरा मला दिसत होता.

जॉर्जटाउनचं मात्र तिच्या मनातून जात नाही. लहानपणी वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्यांवर काढलेला तिचा फोटो अजून फ्रिजवर आहे. वेटलिस्टवरून खरंच कोणी आत जातं का? वाट किती दिवस बघायची?

---

काळा_कोट | २५ मार्च

जातात, पण कधी आणि किती, ते शाळेलाही आधी ठाऊक नसतं. एप्रिलमधल्या डिपॉझिटच्या तारखा उलटल्या की शाळा रिकाम्या जागा मोजतात आणि हालचाल सुरू होते. ती मे-जूनमध्ये चालते, कधी ऑगस्टमध्ये वर्ग भरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. शिवाय वेटलिस्टला क्रम नसतो. शाळेला त्या वेळी काय हवंय त्यावर ठरतं. वर्गाचा एलसॅटचा मधला आकडा खाली येत असेल तर जास्त एलसॅटवाला उचलतात, जीपीए घसरत असेल तर जास्त जीपीएवाला. तिचा एलसॅट जॉर्जटाउनच्या मधल्या आकड्याखाली आहे आणि जीपीए चांगला असला तरी तिथल्या मधल्या आकड्याच्या किंचित खालीच. तेव्हा आशा आहे, पण फार नाही.

रटगर्स किंवा फोर्डॅमला डिपॉझिट भरून ती वेटलिस्टवर राहू शकते. त्यात काही गैर नाही, सगळे करतात. दोन शाळांना डिपॉझिट भरून दोन्हीकडे जागा अडवून ठेवणं मात्र टाळा. मुलाने कुठे कुठे येतो म्हणून कळवलंय ते ठराविक तारखेनंतर एलसॅकमार्फत (लॉ स्कूलच्या प्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था) शाळांना दिसतं, आणि काही शाळांच्या पत्रात त्याविषयी स्पष्ट लिहिलेलं असतं.

जॉर्जटाउनला एक पानाचं पत्र पाठवा. अजून यायचंय, मधल्या काळात हे हे केलं, आणि तुमच्याकडचं अमुक क्लिनिक (विद्यार्थी जिथे खऱ्या केसेसवर काम करतात) मला का हवंय. जागा दिलीत तर नक्की येईन, हे वाक्य ती खरोखर जाणार असेल तरच लिहायचं.

आणि एक कटू गोष्ट आत्ताच सांगते. वेटलिस्टवरून आत घेतात तेव्हा शिष्यवृत्तीचे पैसे बहुधा संपलेले असतात. वॉशिंग्टनला राहून वर्षाचा खर्च लाखाच्या बराच वर. वजा शून्य.

---

हिशेबनीस | २६ मार्च

फोर्डॅमला रक्कम वाढवायला सांगितलंत का? विचारण्यात कमीपणा नाही. रटगर्सचं पत्र जोडून नम्रपणे लिहायचं: मला यायचंय, पण माझ्यापुढे हा पर्याय आहे, रकमेचा फेरविचार होईल का? हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड फक्त घरच्या परिस्थितीवर मदत देतात, तिथे हे चालत नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी चालतं. पत्र लेकीने स्वतः लिहावं, आईवडिलांनी फोन करू नये.

---

मिडवेस्टी | २६ मार्च

अनुमोदन. आणि दोन्ही ठिकाणी एक एक दिवस वर्गात बसून येऊ दे तिला. आम्ही माझ्या मुलाला पाठवलं नव्हतं. तिथल्या मुलांना एवढंच विचारायचं होतं की तुमच्यातल्या किती जणांची शिष्यवृत्ती टिकली.

---

एडिसनकर | ११ एप्रिल

कळवायला उशीर झाला, क्षमस्व.

फोर्डॅमने वीसचे अठ्ठावीस हजार केले. घरात दोन दिवस आनंद होता. मग हिशेबनीसांच्या पद्धतीने पुन्हा मांडलं, तर खासगी कर्ज वर्षाला वीसच्या ऐवजी बारा हजार आलं. तीन वर्षांचे छत्तीस. सही लागणारच.

ती दोन्हीकडे जाऊन आली. फोर्डॅमचं तिला खूप आवडलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. लिंकन सेंटरशेजारची ती इमारत, तो वर्ग, शिकवणाऱ्या बाई, परत आल्यावर तासभर तेच सांगत होती. रटगर्सहून आली तेव्हा फार बोलली नाही. रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, तिथल्या क्लिनिकच्या भिंतीवर एका केसचे कागद लावलेत, आणि त्या इमारतीतली एक भाडेकरू बाई माझ्या ओळखीची आहे. मी तिचा अर्ज भरला होता.

काल तिने रटगर्सला डिपॉझिट भरलं. मी सांगितलं नव्हतं, बापानेही नाही. नवरा जरा खट्टू आहे. संध्याकाळी त्याने तिला नवी बॅग आणून दिली. बोलला काही नाही.

मॅनहॅटन मावशी, तुमचं लिहिणं आमच्या खूप उपयोगी पडलं. त्यामुळेच आम्ही तिला सरळ विचारलं, तुला फर्ममध्ये जायचंय का? आणि तिने सरळ नाही म्हटलं.

---

मॅनहॅटन_मावशी | ११ एप्रिल

मग योग्य झालं. तिला माझे आशीर्वाद सांगा.

---

एडिसनकर | २ जून

जॉर्जटाउनचं विचारलंत कुणीकुणी, म्हणून हे.

मेअखेरपर्यंत काहीच आलं नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी फोन बघायची. मागच्या शुक्रवारी कामावरून आली आणि म्हणाली, मी त्यांना कळवलंय, माझं नाव काढा. मी विचारलं, अजून दोन महिने होते ना गं? तर म्हणाली, "आई, जून महिना मला कोर्टात घालवायचाय, फोनकडे बघत नाही. नोकरी सोडायच्या आधी माझ्याकडच्या अकरा फायली दुसऱ्याच्या हाती नीट द्यायच्यात."

फ्रिजवरचा फोटो आहे तिथेच आहे.

आता एक विनंती. पहिल्या वर्षाची केसबुकं (लॉ स्कूलची पाठ्यपुस्तकं) नवी घेतली तर एकेक दोन-अडीचशे डॉलरला पडतं. कॉन्ट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, सिव्हिल प्रोसीजर, कोणाच्या मुलांची जुनी असतील तर कळवा. आवृत्ती कुठली लागेल ते यादी आली की सांगते. आणि मेट्रोपार्क स्टेशनवरून नेवार्क पेन स्टेशनला उतरून पुढे लाइट रेलने जाणारं कोणी आहे का? मासिक पास पुढच्या टप्प्याला चालतो की वेगळा काढावा लागतो?

---

काळा_कोट | २ जून

काकू, पास आणि पुस्तकं दोन्हींचं व्यक्तिगत निरोपात लिहिते. माझं टॉर्ट्सचं पुस्तक अजून माळ्यावर आहे, समासात पेन्सिलीने खूप लिहिलंय. तिला चालणार असेल तर रविवारी आणून देते.